सहचर

त्या दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात हेमांगीला पंख्याचा आवाज ऐकू आला आणि ती चालता चालता थांबली. इतकी वर्षं ती इथे परिचारिका होती, पण पंखे इतके कुरकुरतात हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणाचं ना कुणाचं मूल नेहमी रडत असायचं. आज पाळण्यांतली मुलं जागी होती. समुद्रावरून खिडक्यांतून आत येणाऱ्या पांढुरक्या उजेडाकडे तोंडं करून पडली होती. रडत कुणीच नव्हतं.

कडेच्या खाटेवर रेश्मा तांडेल बसली होती. उभादांडा गावची, पहिलटकरीण, पोट फाडून बाळंत झालेली. टाके छान भरत होते. तरी तिचा चेहरा उतरलेला होता.

"दुखतंय का?" हेमांगीनं विचारलं.

"दुखणा नाय, सिस्टर." रेश्मानं समोरच्या खाटेकडे मान हलवली. तिथल्या बाईच्या मांडीवर दोन मुलं होती, एक तिचं आणि एक रेश्माचं. दोन्ही शांत. "ह्यो माका वळकत नाय. कोणी घेतल्यान तरी गप रवता. माझ्याकडे गप, तिच्याकडे गप, झाडूवाल्या मावशीकडे पण गप."

"चार दिवसांचं पोर ते. ओळखायला वेळ लागतो."

"माझ्या भयणीचो झील दुसऱ्या दिसापासून वळकी होतो," रेश्मा म्हणाली. "दुसऱ्या कोणी घेतल्यान की वॉर्ड डोक्यार घेय."

हेमांगीनं समोरच्या बाईकडून मूल घेतलं. त्यानं लगेच मान वळवली, तिच्या कोपराच्या वरच्या बाजूला नाक घासलं आणि तोंड उघडून दूध शोधू लागलं. जणू ते जन्मल्यापासून याच कुशीत होतं. हेमांगीला मूलबाळ नव्हतं. ते इवलंसं ओलं तोंड अंगाला लागताच तिनं त्याला जरा जवळ ओढलं, आणि पाठोपाठ तिला भीती वाटली. तिनं मूल रेश्माच्या हातात दिलं. तिथेही ते तसंच, तितकंच शांतपणे, दूध शोधू लागलं.

त्या वॉर्डात एक प्रयोग चालू होता, आणि तो का चालू होता हे आधी सांगायला हवं. त्या सुमाराला प्रतिजैविकं एकेक करून बोथट झाली होती. पूर्वी आठवड्याच्या गोळ्यांनी आटोपणारं दुखणं आता महिनाभर रेंगाळायचं, आणि सिझेरियनचे टाके पिकून बायका दगावू लागल्या होत्या. पिकलेली जखम बरी करणं हातात उरलं नव्हतं. मग ती पिकूच नये म्हणून, सुरी लावण्याआधी कातडी कशानं पुसावी, हा साधा जुना प्रश्न एकाएकी सगळ्यात मोठा झाला.

आपल्या कातडीवर अब्जावधी सूक्ष्मजीवांची वस्ती असते. जंतुनाशक लावलं की वरवरचे मरतात. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींच्या तोंडाशी दडलेले वाचतात आणि काही तासांत पुन्हा वर येतात. मोकळ्या झालेल्या जागेवर आधी कोण पोचतं, यावर सगळं अवलंबून. घरचेच जीव पोचले तर ठीक. इस्पितळात दबा धरून बसलेले, पू करणारे जंतू पोचले, तर टाके पिकतात. तपकिरी आयोडीन असो की स्पिरिटातलं गुलाबी क्लोरहेक्सिडीन, दोन्ही जागा मोकळी करून देतात. राखण करत नाहीत.

प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टर मीनल लोटलीकर यांनी विचार केला तो त्या मोकळ्या जागेचा. ज्यांच्या जखमा कधीच पिकत नाहीत अशा निरोगी माणसांच्या कातडीवरून त्यांच्या गटानं एक निरुपद्रवी जिवाणू निवडला आणि प्रयोगशाळेत त्याला आणखी घडवलं. तो स्वतःभोवती अशी बारीक प्रथिनं सोडायचा, की पू करणारे जंतू जवळपास टिकायचे नाहीत. कातडी साध्या पाण्यानं धुवायची आणि तांदळाच्या पेजेसारखा पातळ लेप पोटावर लावायचा. तो जिवाणू तिथे घर करायचा, आठवड्याभरात अंगभर पसरायचा आणि राहायचा. लेपाचं नाव ठेवलं 'सहचर'. आता तुलना करायची होती. कुठल्या बाईला आयोडीन, कुणाला क्लोरहेक्सिडीन आणि कुणाला सहचर, हे बाईची संमती घेऊन संगणक चिठ्ठी काढावी तसं ठरवायचा. नंतर टाक्यांवरची पट्टी स्वतःच आतली ऊब आणि ओल मोजून कळवायची आणि हेमांगी घरोघर जाऊन जखमा बघायची.

पहिले काही महिने निकाल डोळे दिपवणारे होते. आयोडीनच्या आणि क्लोरहेक्सिडीनच्या बायकांत डावं-उजवं करता येऊ नये इतका किरकोळ फरक, आणि दोन्हींत टाके पिकत होतेच. सहचर लावलेल्या बायकांत जवळजवळ कुणाचेच नाहीत.

संध्याकाळी हेमांगी घरी आली तेव्हा तिचा नवरा सदानंद परसात फुलांचा अर्क काढायच्या तांब्याच्या डेगेपाशी बसला होता. सदानंद कुबल अत्तरं काढायचा. सुरंगी, बकुळ, केवडा, ज्या ऋतूत जे फूल येईल ते. ती पायरीवर टेकली तेव्हा तो दचकला.

"तू आलेली कळलं नाही मला," तो म्हणाला.

"वाफेचा आवाज होता ना."

"आवाजानं नाही गो. फाटक उघडायच्या आधी कळायचं मला, तू आलीस ते." तो डेगेखालची लाकडं मागे ओढत राहिला. "सांगू की नको, असं चाललं होतं माझं. तुझा वास गेलाय, हेमा. गणपतीपासूनच कमी झाला होता. आता नाहीच."

हेमांगी हसली. "बरं झालं की. दिवसभर घाम येतो."

"घामाचं नाही म्हणत मी." त्यानं बकुळीच्या अत्तराची कुपी उघडली, तिच्या मनगटाला एक थेंब लावला, आपल्या मनगटाला एक लावला, आणि थोडा वेळ थांबला. "अत्तर बाटलीत अर्धंच असतं. उरलेलं कातडीवर तयार होतं. तुझ्या हातावर बकूळ थोडी गोड व्हायची, माझ्या हातावर कडवट. आता घे."

तिनं दोन्ही मनगटं हुंगली. तिला काही फार कळत नव्हतं, पण दोन्हीत फरक नाही इतकं कळलं.

"बाजारात लावून बघितलं," तो म्हणाला. "फुलवाल्या नलूच्या हातावर, पोस्टातल्या माणसाच्या हातावर. सगळीकडे हेच. नवीन धुतलेल्या भांड्यासारखा वास आहे. वाईट नाही. पण सगळ्यांचा तोच."

"आणि माझा कसा होता?"

सदानंदनं डोळे मिटले. "ओल्या पाटीवर पेन्सिलनं लिहिलं की येतो ना, तसा. आणि खाली जरासं जिरं."

"जिरं?"

"जरासं."

ती आत गेली आणि न्हाणीघरात बराच वेळ हात नाकाशी धरून उभी राहिली. घामाला स्वतःचा वास नसतो, हे ती शिकली होती. घाम खाऊन सूक्ष्मजीव जे बनवतात त्याला वास येतो. ज्याच्या त्याच्या अंगावरची मंडळी वेगळी, म्हणून ज्याचा त्याचा वास वेगळा. पण तिनं सहचर कधी लावून घेतला नव्हता. सदानंदनं तर इस्पितळाची पायरीही चढली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दुपारचं ते मूल आलं, तिच्या कोपराशी दूध शोधणारं. तान्ही मुलं आईला आधी वासानंच ओळखतात.

दुसऱ्या दिवशी ती लोटलीकर मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या मागे पडद्यावर, तिन्ही गटांत टाके किती पिकतात ते दाखवणाऱ्या तीन रंगांच्या तीन रेघा होत्या. सुरुवातीला दोन वर आणि एक खूप खाली. नंतर वरच्या दोन्ही हळूहळू उतरत आल्या होत्या आणि शेवटी तिन्ही एकमेकींत मिसळल्या होत्या.

"पुण्याच्या देखरेख समितीचा निरोप आलाय," मॅडम म्हणाल्या. "तिन्हींत फरक उरलेला नाही, म्हणतात. सहचर आयोडीनपेक्षा सरस नाही, असं लिहून प्रयोग बंद करावा. आयोडीननं एकाएकी इतकं चांगलं काम का करावं, हेच मला कळत नाहीये. म्हणजे संशय आहे. पण तो माझ्याच तोंडानं म्हणायला जीभ रेटत नाही."

हेमांगीनं नवऱ्याचं म्हणणं सांगितलं. मॅडम खुर्चीत बसल्या.

"हातांनी," त्या म्हणाल्या. "आपल्या हातांनी गेला. वॉर्डातून तुझ्या हातावर, तिथून आयोडीनच्या बाईवर, तिच्या घरी, तिच्या नवऱ्यावर, बाजारात. कागदावर आपण म्हटलं होतं की तो इतक्या सहजासहजी पसरणार नाही." त्यांचा आवाज खाली आला. "जखमा पिकत नाहीयेत, कारण सगळ्यांच्याच अंगावर तो आहे. आणि कुणालाच आपण विचारलेलं नाही."

"समितीला सांगायचं?"

"सांगायलाच हवं. पण त्याआधी खात्री हवी. इस्पितळात पाऊलही न टाकलेल्या माणसाच्या कातडीचा नमुना हवा." त्या जरा घुटमळल्या. "तुझे यजमान देतील का?"

सदानंदनं ऐकून घेतलं. परसातली बकुळीची फुलं परातीत पसरता पसरता तो म्हणाला, "पहिल्यांदा विचारलं नाही कुणी. आता विचारताय."

"हो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. दुसऱ्या कुणाला विचारू."

"सहचर निघाला तर काय होणार?"

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली. "कदाचित लेपावर बंदी येईल. मग इतर ठिकाणी बायकांचे टाके पिकत राहतील. आणि न सांगितलं तर तो निरुपयोगी ठरेल, तरी टाके पिकतच राहतील. मला दोन्हीकडून भीतीच वाटते."

तो परातीवरून हात फिरवत राहिला. "राग आहे मला," तो म्हणाला. "तुझ्यावर नाही. कुणावर, ते सापडत नाही. घरात चोर शिरला आणि भांडी घासून ठेवून गेला, असं झालंय. त्याला शिव्या घालाव्या, तर भांडी लख्ख." मग त्यानं हात पुसले आणि पुढे केले. "घे. पण तूच घे, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

तिनं त्याच्या कानामागून, काखेतून आणि कोपराच्या खळीतून कापसाची काडी फिरवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण याला इतक्या सावकाश कधी हात लावला होता, हे तिला आठवेना.

नमुन्यात सहचर निघाला. लोटलीकर मॅडमनी सगळं समितीला कळवलं, आणि सरकारी दवंडीसारखा तोच मजकूर तालुक्यात प्रत्येकाच्या फोनवर गेला. गावात दोन दिवस गडबड झाली. काही माणसं इस्पितळापुढे येऊन ताडताड बोलून गेली आणि मॅडमनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. नंतर गडबड ओसरली. कोळणींच्या हाताला काटे लागून जे बोट सुजायचं ते सुजेनासं झालं होतं. मुलांच्या गुडघ्यांवरची खरचटं आपोआप सुकत होती. हे काढून टाका, असं ठामपणे म्हणणारी माणसं फार थोडी निघाली. समितीनं शेवटी लिहिलं, की तुलना पूर्ण होऊ शकत नाही, कारण तुलनेला कुणी उरलेलं नाही. दुसऱ्या कुठे हा लेप वापरायचा, तर आधी सगळ्या गावाला विचारावं लागेल. गावाला कसं विचारायचं असतं, हे मात्र कुणालाच ठरवता येईना.

वॉर्ड शांत राहिला. रेश्मा दर महिन्याला मुलाला दाखवायला यायची. आता तिनं एक युक्ती केली होती. ती त्याला घेताना दर वेळी कानाशी एकच ओवी गुणगुणायची. तो आवाजाकडे वळायचा. "आता वळाकता," ती सांगायची. तरी तिच्या डोळ्यांत काहीतरी राहून गेल्यासारखं दिसायचं.

घरी सदानंद कमी बोलू लागला होता. झोपेत तो कूस बदलून तिच्या मानेशी नाक आणायचा आणि जागा व्हायचा. आपण कशानं जागे झालो ते त्याला कळायचं नाही, तिला कळायचं. एकदा लोटलीकर मॅडमनी तिला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. तिनं सांगितलं, ठीक नाही.

तेव्हा मॅडमनी एक गोष्ट सांगितली. प्रयोगाच्या आरंभी सगळ्या परिचारिकांच्या कातडीचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते. हेमांगीची जुनी वस्ती शीतपेटीत जशीच्या तशी होती. आणि फक्त सहचराला खाणारे विषाणूही तयार होते, गरज पडली तर लगाम म्हणून. आधी ते लावायचे, सहचर संपला की तिचेच जुने जीव परत पेरायचे.

"महिनाभरात तू पहिल्यासारखी होशील. पण जोवर कुणाला शिवत नाहीस तोवरच. पहिल्या स्पर्शाला तो परत येईल."

"आणि यजमान?"

"त्यांचा नमुना आपल्याकडे नाही. त्यांचं जुनं गेलं ते गेलं. विषाणू वापरायची परवानगीही फक्त प्रयोगातल्या माणसांपुरती आहे." मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते कागदोपत्री प्रयोगात नव्हतेच ना."

सदानंदच्या मामेभावाची कड्यावर काजूची बाग होती आणि बागेत मांगर, म्हणजे एका खोलीचं कौलारू घर. हेमांगीनं लांब रजा घेतली आणि तिथे जाऊन राहिली. खाली समुद्र, वर काजूचा मोहर, अधूनमधून कड्यावर चढून येणारं धुकं. आधी विषाणूंचं पाणी अंगाला लावलं. काही दिवस कातडी कोरडी, परकी वाटली, कुणाचीच नसल्यासारखी. मग तिनं शीतपेटीतून आणलेली, स्वतःचीच जुनी वस्ती अंगावर चोळली आणि वाट बघत बसली. दिवस कुठला ते तिला उमगेनासं झालं. दुपारी झोपायची तेव्हा स्वप्नात तिच्या हातांवर बारीक दिवे लागायचे, एकेका घरात एकेक, दूरच्या गावातल्यासारखे.

सदानंद रोज डबा घेऊन यायचा. डबा पायरीवर ठेवून मागे जायचा आणि फणसाखाली बसायचा. ती डबा घ्यायची. मधे अंगणाचं अंतर. वारा तिच्याकडून त्याच्याकडे असेल तेव्हा तो बोलणं थांबवून मान वर करायचा.

"काही?"

"अजून नाही."

एका दुपारी तो आला आणि अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. हातातला डबा खाली ठेवायचं विसरला.

"आहे," तो म्हणाला.

"जिरं?"

"सगळं." तो तिथेच खाली बसला. तिनं बघितलं, तो रडत होता, पण चेहरा शांत होता, उन्हात बसलेल्या माणसासारखा.

त्यानंतर तो लवकर येऊ लागला आणि उशिरा जाऊ लागला. दोघं अंगणाच्या दोन टोकांना बसून बोलायची, लग्न ठरल्यावर बोलावीत तशी, कुणीतरी बघत असल्यासारखी जपून. एकदा तिनं विचारलं, "तुमचा वास कसा होता हो?"

"मला काय माहीत? स्वतःचा स्वतःला येत नाही."

तिनं आठवून बघितलं. तिला आठवेना. तो कायम अत्तरात बुडालेला, म्हणून तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं. त्याला तिचं परत मिळालं होतं. त्याचं कुणाकडेही जपलेलं नव्हतं, तिच्या आठवणीतही नाही. हे तिला फार लागलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

मग एका सकाळी तो तिच्यासाठी शहाळं सोलत असताना कोयता निसटला आणि त्याच्या डाव्या तळव्यात शिरला. रक्ताची धार लागली. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट आवळलं. "काही नाही, काही नाही. पट्टी फेक इकडे, मी बांधतो."

हेमांगीची पेटी आत होती. ती घेऊन ती दारात आली आणि थांबली. पट्टी फेकता आली असती. एका हातानं त्याला ती बांधता आली नसती असंही नाही. तिनं अंगणाकडे बघितलं. तेवढंच अंतर होतं. मग ती पायऱ्या उतरून गेली.

"हेमा, नको," तो मागे सरकत म्हणाला. "हात लावू नकोस. जाईल सगळं."

"हात इकडे करा."

"इतके दिवस काढलेस गो."

"करा म्हणते ना."

तिनं त्याचा तळवा आपल्या हातात घेतला. जखम धुतली, पेटीतलं तपकिरी आयोडीन भोवताली लावलं, कडा जुळवून पट्टी आवळली. काम संपलं तरी तिनं हात सोडला नाही. थोड्या वेळानं त्यानं तिच्या मानेशी डोकं टेकवलं आणि खोल श्वास घेतला.

"किती दिवस राहील?" त्यानं विचारलं.

"हळूहळू जाईल. काही दिवस."

"मग ते दिवस इथेच राहू."

ती दोघं त्या मांगरातच राहिली. सकाळी उठल्याबरोबर तो तिला सांगायचा, आज पाटी आहे, जिरं थोडं कमी. आज दोन्ही पुसट. धुकं कड्यावर यायचं तेव्हा त्याला वाटायचं की आता गेलं. धुकं हटलं की पुन्हा किंचित लागायचं. एके दिवशी त्यानं काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. तिनं सामान आवरलं. त्याच्या तळव्याची जखम तोवर स्वच्छ सुकली होती.

निघायच्या आधी तो म्हणाला, "या वेळी तू सहचर ठरवून घेतलास."

"हो. आणि तुम्ही?"

"मलाही तेव्हा कुणी विचारलं असतं," सदानंद म्हणाला, "तर हो म्हटलं असतं. विचारायला मात्र हवं होतं."

हेमांगी पुन्हा कामावर गेली. दीडेक वर्ष उलटलं. एक दिवस लोटलीकर मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. दरमहा घेतलेल्या नमुन्यांत एक बदल दिसत होता. सहचर आता सगळीकडे सारखा राहिला नव्हता. प्रत्येकाचा घाम वेगळा, खाणं वेगळं. ज्याच्या त्याच्या अंगावर तो त्याच्या जोगा बदलत चालला होता. मासे खाणाऱ्यांच्या अंगावर एक, भट्टीपाशी राबणाऱ्यांच्या अंगावर दुसरा. पिढ्यान्‌पिढ्या उलटत होत्या त्याच्या, आपल्या एका महिन्यात.

"त्यात त्याची धार कमी होतेय," मॅडम म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात एकीचे टाके लाल झाले. पिकले नाहीत, पण लाल झाले. राखण करायची प्रथिनं काहींत निम्मी उरलीत."

"मग?"

"मग शस्त्रक्रियेआधी पुन्हा आयोडीन, पुन्हा क्लोरहेक्सिडीन. राखणीला हा आहे तितका. आता आपल्याकडे तुलनेला माणसं येतील, हेमांगी. एकमेकांपासून वेगळी." त्या दमल्यासारख्या हसल्या. "याचा आनंद मानावा की नाही, मला कळत नाही."

त्या दुपारी वॉर्डात एक मूल रडत होतं. शेजारच्या बाईनं उचललं तरी थांबेना. त्याच्या आईनं घेतलं तेव्हा थांबलं. हेमांगीनं त्या आईचे टाके दोनदा नीट तपासले.

ती घरी आली तेव्हा सदानंद ओसरीवर कुप्या भरत होता. ती त्याच्या पाठीमागून आत निघाली, आणि त्याचा हात थांबला. थेंब कुपीच्या तोंडावरून ओघळला. त्यानं तो पुसला नाही.

"थांब जरा," तो म्हणाला.

ती थांबली.

"तुझ्या मानेपाशी काहीतरी आहे."

"जुनं?" तिनं विचारलं, आणि आपला आवाज बदललेला तिला ऐकू आला.

"जुनं नाही. हे मी कधी हुंगलेलं नाही." त्यानं डोळे मिटले. "नाव नाही सांगता येत. दुसऱ्या कुणाचंच नाही हे."

हेमांगीला कळलं, तो काय सांगतोय. आपल्या अंगावरचा सहचरही बदलला. उद्या आपल्या हातांनी कुणाच्या जखमेची राखण कालच्याइतकी होणार नाही. हे मॅडमना सांगायला हवं होतं. हातमोजे, हात धुणं, सगळ्याची शिस्त पुन्हा पहिल्यापासून लावायला हवी होती. आणि तरी तिच्या छातीत एखादं दार वाऱ्यानं उघडावं तसं झालं होतं.

"उद्या सकाळी पहिला नमुना माझा घ्यायला सांगते," ती म्हणाली.

"सांग." सदानंदनं कुप्या बाजूला सारून तिला जागा केली. "आत्ता इथे बस."

ती बसली. त्यानं तिच्या मानेपाशी नाक आणलं आणि सावकाश श्वास घेतला.

"चांगला आहे की वाईट?" शेवटी तिनं विचारलं.

"घाई करू नकोस," तो म्हणाला. "अजून आमची ओळख व्हायचीय."